महामार्गाच्या मोबदल्यात लवादाचा निकाल विरोधात गेला तर? जिल्हा कोर्ट, हायकोर्ट आणि मुदतीचं गणित

रस्ता चौपदरी झाला, गाड्या सुसाट पळायला लागल्या, पण ज्यांच्या जमिनीवरून तो गेला त्यातले कितीतरी शेतकरी अजून मोबदल्याच्या कागदात अडकलेले आहेत. प्रांत कार्यालयातून भाव ठरला, तो मान्य नव्हता म्हणून लवादाकडे अर्ज झाला, आता लवादाचाही निकाल आला आणि त्यातही फारसं काही वाढलं नाही. मग पारावर, चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं, "आता हायकोर्टात अपील टाकू." इथंच पहिली चूक होते. लवादाच्या निकालावर थेट हायकोर्टात अपील नसतं. आधी जिल्हा न्यायालय. आणि तिथला अर्जही नेहमीच्या अपिलासारखा नसतो.

लवाद आला कुठून?

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाते ती राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ खाली. कलम ३ए ची अधिसूचना निघते, २१ दिवसांत हरकती घेतात, मग ३डी ची घोषणा होते आणि त्या दिवशी जमीन केंद्र सरकारची होते. त्यानंतर सक्षम प्राधिकारी, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रांत किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी, कलम ३जी खाली रक्कम ठरवतात. ही रक्कम शेतकऱ्याला किंवा महामार्ग प्राधिकरणाला मान्य नसेल तर कलम ३जी(५) प्रमाणे लवादाकडे जायचं. हा लवाद केंद्र सरकार नेमतं. कुठे जिल्हाधिकारी असतात, कुठे विभागीय आयुक्त कार्यालयातले अधिकारी. शेतकऱ्याला लवाद निवडायचा अधिकार नाही, पण पुढचं सगळं काम मात्र लवाद आणि समेट कायदा १९९६ प्रमाणे चालतं. म्हणूनच मोठमोठ्या ठेकेदारांच्या भांडणाचा जो कायदा, तोच दीड एकरवाल्याच्या कपाळी येतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. धरण, कालवा यात गेलेल्या जमिनीचा रस्ता वेगळा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ६४ खाली प्राधिकरणाकडे संदर्भ जातो आणि तिथल्या निकालावर कलम ७४ प्रमाणे हायकोर्टात ६० दिवसांत अपील असतं, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. पाहुण्याची जमीन पाझर तलावात गेली आणि त्याने हायकोर्टातून वाढवून आणली, म्हणून त्याच्याच कागदाची नक्कल करून महामार्गाच्या प्रकरणात चालत नाही. निवाड्याच्या पहिल्या पानावर कायद्याचं नाव लिहिलेलं असतं, ते आधी वाचावं.

तीन महिने म्हणजे तीनच महिने

लवादाचा निवाडा पटला नाही तर १९९६ च्या कायद्याच्या कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात तो रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. मुदत आहे तीन महिने. सबळ कारण दाखवलं तर कोर्ट आणखी ३० दिवस देऊ शकतं. त्याच्यापुढे एक दिवससुद्धा नाही. कायद्यात शब्दच तसे आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पॉप्युलर कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात सांगून टाकलं की इथे मुदत कायद्यातली नेहमीची विलंब माफी लागू होत नाही. दिवाणी दाव्यात दोन-दोन वर्षांचा उशीर माफ झालेला लोकांनी पाहिलेला असतो. त्या भरवशावर राहिलं की इथे दार बंद.

मुदत मोजायची कधीपासून? निकाल जाहीर झाल्या तारखेपासून नाही. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला त्या दिवसापासूनही नाही. लवादाने सही केलेली प्रत पक्षकाराच्या हातात पडली त्या तारखेपासून. हा मुद्दा महाराष्ट्र सरकार विरुद्ध आर्क बिल्डर्स या २०११ च्या निकालात पक्का झाला. म्हणून प्रत घेताना पोचपावतीवर तारीख टाकूनच सही करावी, पोस्टाने आली तर पाकीट फेकू नये. शिक्क्यासकट ते पाकीटच पुढे पुरावा असतं. घरात कोणाला तरी दिलं आणि ते देव्हाऱ्याच्या फळीवर पडून राहिलं, असं होऊ देऊ नये.

आता एक उदाहरण. समजा प्रत २ फेब्रुवारीला मिळाली. तीन महिने संपतात २ मे रोजी. तीन महिने म्हणजे कॅलेंडरचे महिने, ९० दिवस नव्हेत. त्यानंतरचे ३० दिवस संपतात १ जूनला. आपल्याकडे कोर्टाला मे महिन्यात उन्हाळी सुट्टी असते. तीन महिन्यांचा शेवटचा दिवसच सुट्टीत आला तर कोर्ट उघडल्या दिवशी अर्ज चालतो. पण २ मे उघड्या कोर्टात निघून गेला आणि ३० दिवसांचा शेवटचा दिवस सुट्टीत आला, तर उघडल्या दिवशी दिलेला अर्ज उशिराचा धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे म्हटलं होतं आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच कायम ठेवलं. कठोर आहे, पण आज कायदा असा आहे. सुट्टीतही तातडीच्या कामाला न्यायाधीश आणि कार्यालय असतं, तेव्हा वकिलांना "साहेब, सुट्टीत दाखल होईल का?" हे वेळेत विचारावं. दिवाळीच्या सुट्टीलाही हेच लागू.

निवाड्यात नुसती बेरजेची, क्षेत्राची किंवा गट नंबरची चूक असेल तर कोर्टात जायच्या आधी कलम ३३ खाली लवादाकडेच दुरुस्तीचा अर्ज करता येतो. तो प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा. असा अर्ज दिला असेल तर कलम ३४ चे तीन महिने त्या अर्जाचा निपटारा झाल्यापासून मोजले जातात. ४० आर चं ४ आर झालंय एवढंच भांडण असेल तर हा मार्ग स्वस्त आणि सोपा.

कोर्ट काय बघतं, काय बघत नाही

बहुतेकांची निराशा इथे होते. जिल्हा न्यायालयात शेतकरी जातो ते शेजारच्या गावची खरेदीखतं घेऊन. "बघा साहेब, इथे एवढा भाव आणि मला एवढाच." पण कलम ३४ मध्ये कोर्ट पुरावा नव्याने तोलत नाही. लवादाने खरेदीखत पाहिलं, त्याचा विचार केला आणि कारण देऊन कमी भाव धरला, तर कोर्टाला तो भाव कमी वाटला तरी केवळ तेवढ्यावर निवाडा रद्द होत नाही.

निवाडा रद्द होतो तो वेगळ्या कारणांनी. सुनावणीची नोटीसच मिळाली नाही. बाजू मांडायची संधी दिली नाही. लवादाने अधिकाराबाहेर जाऊन निर्णय दिला. निवाडा फसवणुकीने किंवा भ्रष्टाचाराने झाला. सार्वजनिक धोरणाच्या विरोधात आहे. आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्पष्टपणे घातलेलं कारण म्हणजे निवाड्याच्या तोंडावरच दिसणारी बेकायदेशीर चूक.

यातलं शेवटचं शेतकऱ्याच्या सगळ्यात उपयोगाचं. कायद्याने जे द्यायलाच पाहिजे ते लवादाने दिलंच नसेल, किंवा दाखल केलेल्या खरेदीखतांचा निवाड्यात एका ओळीचाही उल्लेख नसेल, किंवा कारणच लिहिलेलं नसेल, तर बोट ठेवायला जागा आहे. निवाड्यात कारणं द्यावी लागतात असं कलम ३१ सांगतं. "सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेला दर योग्य वाटतो, सबब अर्ज फेटाळण्यात येतो" एवढ्या दोन ओळींत प्रकरण संपवलेलं असेल तर तो कच्चा दुवा आहे. "पुरावा पाहून नाकारला" आणि "पुरावा पाहिलाच नाही" या दोन वाक्यांत जेवढं अंतर, तेवढंच हरणं आणि जिंकणं यात आहे.

सोलेशियम, म्हणजे दिलासा रक्कम, हे याचं मोठं उदाहरण. १९९७ च्या दुरुस्तीने महामार्ग कायद्यात कलम ३जे आलं आणि जुन्या भूसंपादन कायद्यातले फायदे महामार्गवाल्यांना बंद झाले. १९ सप्टेंबर २०१९ रोजी तर्सेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. रस्त्यासाठी जमीन गेली म्हणून दिलासा रक्कम आणि व्याज मिळणार नाही, हे चालणार नाही असं कोर्टाचं म्हणणं. १ जानेवारी २०१५ पासून तर २०१३ च्या कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी महामार्गालाही लागू आहेत. शिवाय लवादाने रक्कम वाढवली तर वाढीव रकमेवर ताब्याच्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंत ९ टक्के व्याज देण्याची तरतूद महामार्ग कायद्याच्या कलम ३एच(५) मध्ये आहे. निवाड्यात व्याजाचा रकाना कोरा आहे का, हे बघायला वकील लागत नाही.

यावरून लक्षात येईल की खरी लढाई लवादापुढेच असते. विहीर, बोअर, पाईपलाईन, फळझाडं, रस्त्यामुळे पडलेले शेताचे दोन तुकडे, हे सगळं तिथे कागदावर आलं नाही तर पुढच्या कोर्टात ते नव्याने घुसवणं फार अवघड. गावात मोजणी चालू असताना जो बांधावर उभा राहून पंचनाम्यात झाडं मोजून घेतो, त्याला लोक किरकिऱ्या म्हणतात. पाच वर्षांनी कोर्टात त्याचाच कागद बोलतो.

कोर्ट भाव वाढवून देऊ शकतं का?

या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही वर्षांत दोनदा बदललं. तामिळनाडूत महामार्गाच्या जमिनीला चौरस मीटरला ४६.५५ ते ८३.१५ रुपये असा दर ठरला. लवाद म्हणून बसलेल्या जिल्हाधिकाऱ्यांनी तोच कायम केला. जिल्हा न्यायालयाने कलम ३४ खाली तो ६४५ रुपये केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २० जुलै २०२१ रोजी एम. हकीम प्रकरणात निकाल आला की कलम ३४ मध्ये कोर्ट निवाडा रद्द करू शकतं, पण त्यात बदल करू शकत नाही. गंमत अशी की त्या शेतकऱ्यांचे वाढलेले पैसे मात्र न्यायालयाने काढून घेतले नाहीत, कारण मूळ दर उघडच अन्यायाचा होता. पण देशातल्या बाकी शेतकऱ्यांसाठी कायदा असा झाला की निवाडा रद्द करा आणि पुन्हा लवादाकडे जा. म्हणजे जिंकूनही पहिल्या पायरीवर.

मग ३० एप्रिल २०२५ रोजी गायत्री बालसामी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने थोडी वाट मोकळी केली. निवाड्यातला चुकीचा भाग चांगल्या भागापासून वेगळा करता येत असेल तर, किंवा लिखाणाची, हिशोबाची उघड चूक असेल तर, आणि निवाड्यानंतरच्या व्याजाबाबत काही परिस्थितीत कोर्ट बदल करू शकतं. पण एकराचा भाव १० लाखाचा २० लाख करा, असं पुरावे नव्याने तोलून करता येत नाही.

म्हणून अर्जात मागणी कशी लिहिली आहे याला फार किंमत आहे. नुसतं "मोबदला वाढवून मिळावा" लिहून चालत नाही. निवाडा रद्द व्हावा, वेगळा होणारा भाग दुरुस्त व्हावा, आणि कलम ३४(४) प्रमाणे चूक सुधारण्यासाठी प्रकरण लवादाकडे पाठवावं, या मागण्या लेखी असाव्यात. यातली शेवटची मागणी पक्षकारानेच करावी लागते आणि तीही निवाडा रद्द होण्याआधी. कोर्ट आपणहून तसं करत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये किन्नरी मल्लिक प्रकरणात सांगितलं आहे. निवाडा रद्द झालाच तर मधला कोर्टात गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो, तेव्हा नव्याने लवादाकडे जाताना मुदत संपली म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता येतं हायकोर्ट

जिल्हा न्यायालयाने अर्ज फेटाळला किंवा समोरच्याचा अर्ज मंजूर करून निवाडा रद्द केला, तर कलम ३७ खाली हायकोर्टात अपील. अपिलाची मुदत कलम ३७ मध्ये लिहिलेली नाही, ती मुदत कायद्यातून घ्यावी लागते आणि हायकोर्टासाठी ती ९० दिवस आहे. वाद व्यापारी स्वरूपाचा आणि तीन लाख किंवा जास्त किमतीचा असेल तर कमर्शियल कोर्ट कायद्याने ६० दिवस. जमिनीचा मोबदला हा काही व्यापार नव्हे, पण वाद कशाला? ६० दिवस धरूनच चाललेलं बरं.

इथे उशीर माफ होऊ शकतो, पण थोडाच आणि खरं कारण असेल तरच. हे ठरलं तेही महाराष्ट्राच्याच प्रकरणात. राज्याच्या जलसंपदा विभागाने बोरसे ब्रदर्स या ठेकेदाराविरुद्धचं अपील उशिरा आणलं आणि १९ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला माफी दिली नाही. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, हे कारण चाललं नाही. सरकारचं चाललं नाही तिथे "पेरणी चालू होती" हे किती चालेल, याचा विचार करावा. जिल्हा न्यायालयाच्या निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस मात्र वगळले जातात, म्हणून निकाल लागल्या दिवशीच नक्कल अर्ज द्यावा आणि त्याची पावती ठेवावी.

हायकोर्टाचा अधिकार आणखी आखूड आहे. जिल्हा न्यायालय कलम ३४ च्या चौकटीत राहिलं की नाही, एवढंच तिथे प्रामुख्याने पाहिलं जातं. कोकण रेल्वेच्या चिनाब पुलाच्या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं की कलम ३७ चं अपील म्हणजे नेहमीचं दिवाणी अपील नव्हे. त्यानंतर दुसरं अपील नाही. राहतं ते फक्त सर्वोच्च न्यायालय, विशेष परवानगीने, ९० दिवसांत.

सगळ्या आदेशांवर अपील होत नाही हेही माहीत पाहिजे. निवाडा रद्द केला किंवा रद्द करायला नकार दिला, कलम ९ चा अंतरिम आदेश दिला किंवा नाकारला, वाद लवादाकडे पाठवायला कलम ८ खाली नकार दिला, एवढ्यावरच कोर्टाच्या आदेशाविरुद्ध कलम ३७ चं अपील आहे. कलम ११ खाली लवाद नेमल्याच्या आदेशावर नाही. अर्ज चुकीच्या कोर्टात आला म्हणून योग्य कोर्टात न्यायला परत दिला, त्यावरही नाही. पण एक महत्त्वाची सोय आहे. कलम ३४ चा अर्ज उशिराचा म्हणून जिल्हा न्यायालयाने ३० दिवसांच्या आतला विलंबही माफ केला नाही आणि अर्ज तिथेच फेटाळला, तर तो निवाडा रद्द करायला दिलेला नकारच धरला जातो आणि हायकोर्टात अपील चालतं. चिंटेल्स इंडिया प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये हे ठरलं.

महामार्ग प्राधिकरणच कोर्टात गेलं तर

लवादाने रक्कम वाढवून दिली की गावात पेढे वाटले जातात. महिन्या-दोन महिन्यांनी जिल्हा कोर्टाची नोटीस येते. प्राधिकरणालाही कलम ३४ आहेच. ही नोटीस बाजूला ठेवणं सगळ्यात महागात पडतं, कारण समोर कोणी नसताना निवाडा रद्द झाला तर हायकोर्टात जाऊन तो उभा करायचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर.

२०१५ च्या दुरुस्तीनंतर नुसता अर्ज दाखल झाला म्हणून निवाड्याला आपोआप स्थगिती मिळत नाही. वेगळा अर्ज करून स्थगिती घ्यावी लागते आणि कोर्ट साधारणपणे रक्कम जमा करायची अट घालू शकतं. स्थगिती नसेल तर शेतकरी वसुलीची दरखास्त लावू शकतो. रक्कम जमा असेल तर हमीवर ती काढून मिळावी असा अर्ज देता येतो.

भावाभावांत कोणाला किती, हा वाद मात्र लवादाचा नाही. वाटपाचा वाद कलम ३एच(४) खाली जिल्ह्याच्या मुख्य दिवाणी न्यायालयाकडे जातो. सात-बारावर चार नावं आणि अर्ज एकाचाच, असं असेल तर पुढे रक्कम कोर्टात अडकते.

ट्रॅक्टरच्या कर्जाची नोटीस

लवाद हा शब्द गावात आणखी एका वाटेने येतो. ट्रॅक्टर किंवा पिकअपचं कर्ज थकलं की फायनान्स कंपनीची दुसऱ्या राज्यातल्या लवादाची नोटीस येते, कधी थेट गाडी जप्तीचा आदेश येतो. आदेश कोर्टाचा कलम ९ खालचा असेल तर वर सांगितल्याप्रमाणे कलम ३७ चं अपील. लवादानेच कलम १७ खाली दिला असेल तर अपील कोर्टात, आणि तिथे ३० दिवस धरून चालावं. कंपनीने कर्जदाराला न विचारता आपल्या मनाने लवाद नेमला असेल तर २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालाचा आधार घेऊन त्या नेमणुकीलाच आव्हान देता येतं. लवादाचं ठिकाण करारात कुठलं लिहिलंय ते बघावं, कारण निवाड्याला आव्हान तिथल्याच कोर्टात द्यावं लागतं.

खर्च आणि मदत

महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न बघता आणि इतरांना उत्पन्नमर्यादेत मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती तालुक्याच्या कोर्टातच असते, जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण आहे. हेल्पलाईन १५१००. प्रकरणाची पुढची तारीख बघायला ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे मोफत अ‍ॅप आहे, त्यात १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकला की तारीख आणि आदेश दिसतात. वकिलांकडून हा नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा.

हायकोर्ट म्हणजे मुंबईच असंही नाही. विदर्भासाठी नागपूर, मराठवाडा आणि खानदेशासाठी छत्रपती संभाजीनगर इथे खंडपीठ आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्यांची मुंबईची खेप वाचली.